उद्याचे गाणे कोणाचे? कुर्ल्यातील एक दाखला

कुर्ला हे मुंबईचे जुने कामगार उपनगर. स्वदेशी मिल आणि प्रीमियर मोटारींचा कारखाना यांनी एके काळी येथील हजारो कुटुंबांचा संसार चालविला. आता दोन्ही बंद आहेत. टपाल खात्याच्या हिशेबी ‘मुंबई ७०’ असलेल्या या भागातील नेझी या टोपणनावाने गाणाऱ्या एका तरुणाने जानेवारी २०१४ मध्ये ‘आफत’ हे रॅप पद्धतीचे गाणे यूट्यूबवर प्रसिद्ध केले. ध्वनिमुद्रण वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर झाले होते आणि चित्रीकरणही त्याच यंत्रावर. पाठीशी ना ध्वनिमुद्रिका कंपनी होती, ना चित्रपटसृष्टीतील कोणी. पुढच्याच वर्षी अंधेरीच्या डिव्हाईन या गायकाबरोबर त्याचे ‘मेरे गली में’ आले. २०१९ मध्ये या दोघांच्या जीवनावरून प्रेरणा घेऊन झोया अख्तर यांनी ‘गली बॉय’ हा चित्रपट काढला. कथानक मात्र धारावीत गेले. त्याला २०२० साली १३ फिल्मफेअर पारितोषिके मिळाली.

हे घडणार, असे जानेवारी २०१४ मध्ये कोणास सांगता आले असते काय? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. महोत्सवासाठी कलावंत निवडणारे अधिकारी, यात्रेसाठी फड ठरविणारे पंच, मुलाने शिक्षण सोडून गाण्याच्या मागे लागावे काय असे पालकांनी विचारल्यावर उत्तर द्यावे लागणारे शिक्षक, या सर्वांना कमी-अधिक प्रमाणात हे भाकीत करावेच लागते, आणि त्यावर कोणाचा तरी पैसा व कोणाचे तरी आयुष्य पणाला लागलेले असते.

घटना घडून गेल्यावर कारणे सहज सुचतात. हाती आलेले स्वस्त यंत्र, चित्रपटगीतांत आपल्या वस्तीचे बोलणे ऐकू येत नाही ही तरुणांची खंत, आणि शब्दांच्या झुंजीची या मातीला असलेली जुनी सवय. कलगी-तुऱ्याचे शाहीर समोरासमोर उभे राहून सवाल-जवाब करीत. कव्वालीचे मुकाबले रात्र रात्र रंगत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून आलेली रॅपची चढाओढ येथील कानांना अगदीच परकी नव्हती. ही कारणे खरी आहेत. परंतु ती त्याच गल्लीतील इतर मुलांनाही तितकीच लागू होती, आणि त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत.

भाकीत चुकण्याचे एक मोठे उदाहरण शासकीय क्षेत्रातीलच आहे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून दूर ठेवले म्हणजे श्रोता शास्त्रीय संगीताकडे वळेल, अशी त्यांची धारणा होती. श्रोता वळला तो रेडिओ सिलोनकडे. त्याच वर्षी तेथे अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांवरून तीत पुढे गाण्यांचे क्रमांक लावले जाऊ लागले. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीने चित्रपटगीतांना पुन्हा जागा दिली. केसकरांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लोकांनी काय ऐकावे आणि लोक काय ऐकतील यांत त्यांची गल्लत झाली, एवढेच.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि अंदाज बांधणारेच बदलले. तोवर तबकडी कोणाची काढावयाची हे मोठ्या कंपनीतील मोजकी माणसे ठरवीत. कॅसेट काढण्यास खर्च थोडा लागत असल्याने लहान कंपन्याही उतरल्या, आणि मराठी लोकगीते, भीमगीते, भक्तिगीते यांचा केवढा मोठा ग्राहक दुर्लक्षित राहिला होता हे ध्यानी आले. प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद व मिलिंद शिंदे यांचा आवाज घरोघरी पोहोचला तो याच काळात. साधन स्वस्त झाले की आजवर ज्यांचे ऐकले गेले नाही अशा वस्तीतून नवा प्रकार वर येतो, हा अनुभव कॅसेटने दिला आणि तोच २०१४ मध्ये कुर्ल्यात पुन्हा आला. गीतप्रकाराचे भाकीत म्हणून काही अंशी करता येते. व्यक्तीचे करणे फार कठीण, आणि ते का, याचा शोध न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी घेतला आहे.

मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी त्यांनी इंटरनेटवरून १४,३४१ व्यक्तींसमोर ठेवली. काहींनी इतरांची निवड न पाहता आपल्याला रुचलेली गाणी घेतली. इतरांची आठ स्वतंत्र गटांत वाटणी करून प्रत्येक गटात, आपल्या आधीच्यांनी कोणते गाणे किती वेळा घेतले तो आकडा दाखविला. आठही गटांत गाणी तीच असूनही क्रम निरनिराळे लागले. स्वतंत्र पसंतीत २६ वे आलेले एक गाणे एका गटात पहिले आले आणि दुसऱ्या गटात ४० वे. फार चांगले गाणे सहसा तळाला गेले नाही आणि फार वाईट सहसा शिखरावर चढले नाही. परंतु मधल्या सर्वांचे नशीब आरंभीच्या थोड्या श्रोत्यांवर अवलंबून राहिले. आकडे जितके ठळकपणे दाखविले, तितकी गाण्यागाण्यांतील तफावत वाढली.

ग्रामीण वाचकांना यात नवल वाटू नये. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पुढारी सुपारी ठरविण्यासाठी येतात. शेजारच्या गावी गेल्या वर्षी कोणता फड उभा राहिला आणि गर्दी किती झाली, ही चौकशी प्रथम होते. ज्या फडाकडे चार गावे गेली त्याकडे पाचवे जाते आणि सुपारीचा भाव चढतो. तितकाच गुणी दुसरा फड राहुटीत वाट पाहत बसतो.

आज ध्वनिमुद्रिका कंपन्या यंत्रांच्या साहाय्याने असे अंदाज बांधतात. गाणे एकूण किती वेळा वाजले यापेक्षा तोच श्रोता ते पुन्हा लावतो काय, अर्ध्यात सोडतो काय, स्वतः नाव शोधून त्याच्याकडे येतो काय, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात ते किती दिवसांत जाते, यास अधिक महत्त्व दिले जाते. कानावर पडलेल्या अनोळखी गाण्याचे नाव सांगणारी शझाम ही सेवा २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. लोक कोणत्या गाण्याची विचारणा करीत आहेत याची नोंद तिच्याकडे आपोआप जमते आणि ती आगामी लोकप्रियतेची चाहूल मानली जाते. ही साधने चढू लागलेले गाणे लवकर हेरतात. गाणे चढण्यापूर्वी ती फारसे काही सांगू शकत नाहीत.

आकड्यांवर विसंबणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुलै २०२० मध्ये एका गायिकेच्या नावे उघडलेल्या बनावट खात्याचा तपास करताना मुंबई पोलिसांना समाजमाध्यमांवरील खोटे अनुयायी विकण्याचा धंदा आढळला. तेव्हा कार्यक्रमासाठी कलावंत निवडताना त्याच्या खात्यावरील संख्या पाहण्याऐवजी त्याच्या मागील दोन-तीन कार्यक्रमांच्या ठिकाणी विचारपूस करणे बरे. लोक अखेरपर्यंत बसले होते काय, आणि त्याला पुन्हा बोलाविले काय, एवढे कळले तरी पुरते. उपलब्ध रक्कम एकाच नावावर खर्च न करता तीन-चार नवोदितांना थोडा थोडा वेळ देणे हेही प्रयोगाच्या निष्कर्षांशी सुसंगत आहे, कारण गुणी मंडळींपैकी नेमके कोण पुढे जाईल हे निवड समितीलाही कळत नसते.

शिक्षकांकडे येणाऱ्या मुलांच्या बाबतीत शिक्षण चालू ठेवण्याचा सल्ला तर द्यावाच. त्याबरोबर कायद्याची माहितीही द्यावी. गाणे अचानक चालू लागले की करार घेऊन येणारे लोकही अचानक येतात, आणि हाती पडेल त्या रकमेवर सही करण्याचा मोह होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेतील गीताचा लेखक व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही; तो वारस किंवा वसुली करणारी नोंदणीकृत संस्था यांनाच देता येतो. गीतकार व संगीतकारांसाठी अशी वसुली करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था १९६९ पासून मुंबईत आहे. रॅप गाणारा मुलगा बहुधा आपले शब्द स्वतःच लिहितो, म्हणजे तो कायद्याच्या दृष्टीने गीतकारही असतो. पुष्कळ मुलांना हे ठाऊक नसते.