टायरला पॉलिश मारावे काय?

महामार्गाने वसई फाट्यावरून विरार फाट्याकडे जाताना गाड्या धुण्याची वॉशिंग सेंटरे किती लागतात, हे मोजण्याचा आम्ही एकदा प्रयत्न केला आणि पेल्हारच्या अलीकडेच तो नाद सोडून दिला. नालासोपाऱ्यात, गोखिवऱ्यात, वालीवच्या गाळ्यांमध्ये आणि माणिकपूरच्या सोसायट्यांच्या मागील मोकळ्या जागांतही हाच धंदा चालू आहे. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. त्यानंतर इमारती वाढल्या आणि इमारतींखाली गाड्याही वाढल्या. एक प्रेशर पंप, पाण्याची टाकी, फोमचे यंत्र, व्हॅक्यूम आणि डोक्यावर पत्रा एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा राहतो. त्यामुळे आपल्यातील बरेच तरुण त्यात उतरलेले दिसतात.

सोपाऱ्याकडील अशाच एका तरुणाने आम्हास गाठून विचारले, "चाचा, टायरला पॉलिश मारायचे की नाही? गिऱ्हाईक म्हणते मार, आणि शेजारचे पेंटरभाई म्हणतात, मारलेस तर याद राख!"

प्रश्न लहान वाटतो, पण या धंद्यातील नफा, गिऱ्हाइकाचा विश्वास आणि शेजाऱ्याशी असलेले संबंध हे तिन्ही त्यात अडकलेले आहेत. म्हणून चार ठिकाणी चौकशी करून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम गिऱ्हाइकाची बाजू. गाडी कितीही स्वच्छ धुतली, आतून झाडली, काचा पुसल्या, तरी टायर तपकिरी राहिले तर गाडी अर्धवट धुतल्यासारखी दिसते. याउलट टायर काळेभोर असले की साध्या धुलाईचेही चीज होते. पोराच्या हातावर बक्षिसाचे दहा-वीस रुपये पडतात तेही बहुधा टायर पाहूनच. तेव्हा पॉलिश हा नुसता दिखाऊपणा आहे, ते बंद करा, असे सांगणे धंदेवाल्याच्या उपयोगाचे नाही. आमचे मत असे की पॉलिश मारावे, परंतु कोणते, कोठे आणि कोणाच्या गाडीला हे समजून मारावे.

टायर तपकिरी का होतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. धूळ-चिखल हे एक कारण झालेच. परंतु दुसरे कारण टायरच्या पोटातच असते. उन्हाने आणि हवेतील ओझोन वायूने रबर तडकते. तसे होऊ नये म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि काही संरक्षक रसायने मिसळलेली असतात. ती हळूहळू वर येतात आणि हवा लागून तपकिरी पडतात. म्हणजे ज्याला आपण मळ समजतो त्यातील काही भाग टायरचे औषधच असते. टायरचा काळा रंगही शोभेसाठी दिलेला नाही. फार पूर्वी टायर पांढरट असत. १९१०च्या दशकापासून त्यांत काजळीसारखी काळी भुकटी घालण्याची पद्धत रुळली. तिने रबर मजबूत होते आणि उन्हालाही टिकते.

रोज धावणाऱ्या गाडीचा टायर दबतो, सुटतो आणि आतील मेण वर येत राहते. दारात महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला ही सोय नसते. मालक आखाती देशात आणि गाडी झाडाखाली, असे आपल्याकडे पुष्कळ घरी असते. अशा गाडीची नक्षी नव्यासारखी असली तरी टायरच्या बाजूला केसासारख्या चिरा पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. तेथे पॉलिशने काम होत नाही. आठवड्यातून एकदा कोणीतरी गाडी फिरवून आणणे हाच उपाय.

आता सर्वांत वाईट सवयीकडे वळू. अनेक ठिकाणी पॉलिश म्हणून डिझेल, रॉकेल, नाहीतर इंजिनातून काढलेले जळके ऑइल कपड्याने टायरला फासतात. फुकटात टायर काळा होतो आणि दोन तास चमकतोही. परंतु टायरचे रबर तेल सोसणारे नसते. ते तेल पिते, फुगते, मऊ पडते आणि वर सांगितलेले संरक्षक मेण त्या तेलात विरघळून निघून जाते. वारंवार असे केले की टायरचे वय कमी होते. साध्या साबणाच्या पाण्याने टायर धुवा, पेट्रोल-डिझेल वर्गातील वस्तू लावू नका, असा सल्ला टायरवाल्या कंपन्याही देतात तो यासाठीच. शिवाय हे काम करणाऱ्या पोरांचे हात पाहावेत. दिवसभर डिझेलात बुडालेली बोटे भेगाळतात, खाज सुटते. आणि उरलेले ऑइल जाते कोठे? शेडमागच्या गटारात. वसईच्या पश्चिम पट्ट्यात आजही विहिरी आहेत, वाड्या आहेत. पूर्वेचे नाले खाडीला मिळतात. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. टायरला फासून आणि गटारात सोडून ते संपविता येत नाही.

बाजारात मिळणाऱ्या पॉलिशचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक तेलकट, पारदर्शक, पेट्रोलसारखा वास येणारा. डब्यावर ज्वालाग्राही असल्याची खूण असते. याची चमक झगझगीत असते आणि ती पाण्यातही काही दिवस तग धरते. दुसरा दुधासारखा पांढरा, पाण्यात मिसळलेला. दोहोंतही चमक देणारा पदार्थ सहसा सिलिकॉनच असतो, फरक तो कशात मिसळला आहे याचा. दुधी पॉलिशची चमक कमी असते. नव्या टायरसारखा काळा रंग येतो, आरशासारखी झळाळी येत नाही. आमचा कौल दुधी पॉलिशला आहे. ते रबराला त्रास देत नाही, आगीची भीती नाही आणि हातालाही बरे. याने टायरचे आयुष्य वाढते असे डब्यावर लिहिलेले असते, ते आम्ही फारसे मनावर घेत नाही. दिसायला बरे आणि अपाय नाही, एवढे पुरे आहे. मस्जिद बंदरच्या केमिकल बाजारातून सुटा माल आणून पाणी घालणारेही आहेत. त्यास हरकत नाही, पण पाणी किती घातले हे लिहून ठेवावे. नाहीतर या आठवड्यात टायर काळा आणि पुढच्या आठवड्यात करडा, असे होते.

पॉलिश कसे लावू नये हे आम्ही पदरमोड करून शिकलो आहोत. एका निकाहसाठी भिवंडीला जायचे होते म्हणून आमची पांढरी गाडी सकाळी एका सेंटरवर धुऊन घेतली. पोराने ओल्या टायरवरच पॉलिशचा फवारा मारला आणि गाडी हाती दिली. चिंचोटीवरून कामणमार्गे अंजूर फाट्याला पोहोचेपर्यंत चारही चाकांमागे काळ्या ठिपक्यांची रांगोळी उमटली होती आणि त्या रस्त्याची धूळ तिच्यावर छान बसली होती. मंडपाच्या दारात आमच्या मेहुण्यांनी विचारले, "गाडी धुवायला वेळ मिळाला नाही वाटते?" आम्ही काय उत्तर देणार?

चूक दोन ठिकाणी झाली होती. टायर ओला होता आणि पॉलिश जादा होते. टायर आधी ब्रश आणि साबणाने घासावा, फेस पांढरा येईपर्यंत. कॉस्टिकचे कडक पाणी वापरू नये. मग कपड्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा. स्पंजच्या तुकड्यावर थोडे पॉलिश घेऊन टायरच्या फक्त बाजूला पातळ हात फिरवावा, दहा मिनिटे थांबावे आणि कोरड्या कपड्याने जादा माल टिपून घ्यावा. हे शेवटचे टिपणे शंभरात नव्वद पोरे करीत नाहीत. उडणारे ठिपके त्या न टिपलेल्या मालाचेच असतात.

पेंटरभाईंची तक्रारही खरी आहे. सिलिकॉनचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि शेजारच्या गॅरेजमध्ये रंगासाठी तयार केलेल्या पत्र्यावर बसतात. डोळ्यांस काही दिसत नाही. पण त्यावर रंग मारला की रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्याएवढे गोल खड्डे पडतात. मग सगळा रंग घासून काढून पुन्हा मारावा लागतो. दोन दिवसांची मजुरी आणि रंगाचा डबा फुकट. वालीव-गोखिवऱ्याकडे धुलाई आणि डेंटिंग-पेंटिंगचे गाळे एका भिंतीला लागून आहेत. तेथे फवाऱ्याची बाटली वापरणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणे होय. स्पंजने लावल्यास हा उपद्रव बहुतांशी टळतो. पॉलिशचे कपडेही वेगळे ठेवावेत. तोच कपडा बॉनेटवर फिरला तर उद्या त्या गाडीला रंग लावणारा पेंटर आपल्याच नावाने बोटे मोडणार.

काही जागा अशा आहेत की तेथे गिऱ्हाइकाने सांगितले तरी पॉलिश लावू नये. रस्त्याला टेकणारी नक्षी ही त्यातली पहिली. दुचाकीच्या टायरला तर मुळीच नको. मोटारसायकल वळणावर कलते तेव्हा टायरची कडच रस्त्याला लागते. कडेला पॉलिश असेल तर पहिल्याच वळणावर माणूस खाली. ब्रेकच्या डिस्कवर थेंब जाता कामा नये. आणि गाडीच्या आत पेडल, रबरी मॅट आणि स्टिअरिंग! उरलेला स्पंज तेथे फिरवून चकचकीत करून देणारे महाभाग आहेत. ब्रेकवरून पाय घसरला तर त्या चमकीची किंमत कोण देणार?

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या भागातला पाऊस सर्वांना ठाऊक आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात साचलेले पाणी लोक विसरलेले नाहीत. दुधी पॉलिश पहिल्या डबक्यात निघून जाते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात पॉलिशचे पैसे घेऊ नयेत. त्याऐवजी गाडीखालचा चिखल आणि खारे पाणी धुण्याचे काम मनापासून करावे आणि त्याचे पैसे घ्यावेत. गिऱ्हाईक टिकते ते अशानेच.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. एका टायरला दहा-बारा मिलिलिटर पॉलिश पुरते, चार टायरना पन्नासच्या आत. म्हणजे पाच लिटरच्या कॅनमध्ये शंभर गाड्या होतात. कॅनच्या किमतीला शंभराने भागा, त्यात पोराच्या पंधरा मिनिटांची मजुरी आणि स्पंज-कपड्याचे थोडे घाला. येणारा आकडा बहुधा जळक्या ऑइलच्या मोहात पडावे इतका मोठा नसतो. पॉलिशचा दर पाटीवर वेगळा लिहावा. धुलाईत धरून फुकट दिले की पोरे ते पाण्यासारखे उडवतात.

आता एक नाजूक बाब. जुन्या गाड्या विकणारे काही जण सेंटरवर गाडी पाठवून सांगतात, "टायरला दोन हात मार, भेगा दिसता कामा नयेत." रोख पैसे देतात, महिन्याला दहा-बारा गाड्या देतात. नव्या सेंटरला हा आधार मोठा वाटतो. पण तो टायर उद्या अहमदाबाद महामार्गावर शंभरच्या वेगाने कोणाच्या तरी मुलाबाळांना घेऊन धावणार आहे. मालाचा ऐब झाकून विकण्यात झाकणाऱ्या हाताचाही वाटा असतो. आम्ही त्या तरुणाला सांगितले की धुवायला घे, पण भेगाळलेल्या टायरला हात लावू नकोस. दोन विक्रेते तुटतील तर तुटू देत.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही टायरच्या चमकीवर जाऊ नये. ओल्या फडक्याने टायर पुसावा आणि नक्षीच्या खाचांत व कडेला चिरा आहेत का ते पाहावे. बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा असे सांगतात. मोटारीची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही तो टायर बाद. टायर गोटा झालेला पॉलिश लावून लपत नाही, पण वय आणि भेगा लपतात. म्हणून आकडे वाचावेत.

गेल्या महिन्यात त्या तरुणाच्या सेंटरवर पुन्हा जाणे झाले. फवाऱ्याची बाटली गेली होती, खिळ्याला स्पंज टांगलेला होता. पाटीवर टायर पॉलिशचा दर वेगळा लिहिला होता आणि त्याखाली 'दुचाकीस मिळणार नाही' अशी ओळ होती. पेंटरभाई तेथेच बाकावर चहा पीत बसले होते. आम्हास पाहून म्हणाले, "मारू दे त्याला पॉलिश. फक्त वारा माझ्याकडे असेल तेव्हा शटर ओढायचे, असे ठरलेय आमचे."