खाणीतील डंपर आणि द्रवरूप नैसर्गिक वायू

चंद्रपूर-यवतमाळकडील उघड्या कोळसाखाणींतील अवजड डंपर मुख्यत्वे डिझेलवर चालतात. त्यांस द्रवरूप नैसर्गिक वायूचा पर्याय सुचविला जातो. परंतु ‘डिझेलऐवजी वायू’ हा शब्दप्रयोग फसवा होय. ओडिशातील महानदी कोलफील्ड्समध्ये कोल इंडियाने २०२१ साली गेल व बीईएमएल यांच्या सहकार्याने दोन शंभर टनी डंपरांवर हाती घेतलेला प्रयोगही दोन्ही इंधने एकत्र जाळण्याचाच होता. कारण, दाबाच्या उष्णतेने डिझेल पेटते, मिथेन सहजी पेटत नाही. तो पेटविण्यास थोडे डिझेल लागतेच. उणे १६२ अंश सेल्सिअसला हा वायू द्रवरूप होऊन सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो, ही सोय खरी. मात्र डंपर दीर्घकाळ उभा राहिल्यास टाकीत उष्णता झिरपून द्रव उकळू लागतो. आणि हवेत सुटलेला मिथेन कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी अधिक तापकारक असतो.