मुलाचे दुखणे काय सांगते?

लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ असो की आपल्या गावचा दवाखाना, लहान मुलास परमा किंवा उपदंश झाल्याचे आढळले, तर डॉक्टर सावध होतात. नवजात अर्भकास हे रोग मातेकडून जडू शकतात; परंतु पुढील वयात ते नव्याने झाल्यास बहुधा लैंगिक अत्याचार हेच त्यांचे कारण असते. टॉवेलास दोष देऊन स्वस्थ बसणे घातक होय.

मात्र साधी खाज किंवा लघवीची जळजळ इतर अनेक कारणांनीही होते. तेवढ्यावरून कोणावर आळ घेऊ नये. म्हणूनच औषध सुरू करण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. शिवाय, रोग आढळला नाही म्हणून अत्याचार झालाच नाही, असेही ठरत नाही. मूल काही सांगू लागले, तर ते शांतपणे ऐकावे.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याची शंका आल्यास पोलिसांना कळविणे डॉक्टरांप्रमाणेच आपणांवरही बंधनकारक आहे. मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरनेच करावयाची असते. १०९८ या क्रमांकावरही साहाय्य मिळते.

घराण्याच्या अब्रूसाठी मुलाचे तोंड बंद करू नका. लाज गुन्हेगाराने बाळगावी, मुलाने नव्हे.