विजेची शिदोरी

मी बी.ए. झालो तो मराठी विषय घेऊन. विजेशी माझा संबंध दोनच ठिकाणी आला : कवितेत चमकणारी आकाशातली वीज, आणि दर महिन्याला दाराच्या फटीतून घरात सरकणारे वीजबिल. तेव्हा गाडीतून चार दिवस फिरायला निघताना विजेची सोय कशी करावी, या विषयावर मी बोलावे याचे तुम्हाला नवल वाटेल. पण काही गोष्टी माणूस हौसेने शिकतो आणि काही गोष्टी एखादी रात्र त्याला शिकवून जाते. मला एका रात्रीने शिकवले.

माझे थोरले बंधू, आम्ही सारे त्यांना भाईजान म्हणतो, एस.टी.मध्ये चालक होते. त्यांच्या वाट्याला मुक्कामी गाड्या फार आल्या. मुक्कामी गाडी म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. रात्री शेवटचे गाव गाठायचे, पारापाशी गाडी उभी करायची, गाडीतल्याच बाकावर पथारी पसरायची आणि कोंबडा आरवायच्या आत तीच गाडी परत फिरवायची. निवृत्त झाल्यावर भाईजान एकदा म्हणाले, "सगळा मुलूख हिंडलो, पण निम्मा अंधारातच बघितला. आता एकदा उजेडात बघायचाय. आणि झोपायचं मात्र गाडीतच."

पुतण्याकडे व्हॅन होती. मागची आसने दुमडून गाद्या घातल्या की दोघातिघांची झोपायची सोय व्हायची. अडचण होती ती वेगळीच. भाईजानांना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आहे. घशाचा मार्ग मिटतो, श्वास थांबतो, माणूस दचकून जागा होतो, आणि हे रात्रभर चालते. त्यावर डॉक्टरांनी सीपॅप नावाचे यंत्र दिले आहे. नाकावर मुखवटा लावायचा, यंत्र हलक्या दाबाने हवा सोडत राहते आणि घसा उघडा राहतो. यंत्र लहानसे, डब्याएवढे. पण त्याला रात्रभर वीज लागते.

आम्ही सोपा विचार केला. गाडीत बॅटरी आहेच. बाजारातून एक स्वस्तातला छोटा इन्व्हर्टर आणला, त्याचे चिमटे बॅटरीला लावले आणि निघालो. कोल्हापूर, गगनबावडा, करूळचा घाट, वैभववाडी, तळेरे आणि पुढे विजयदुर्गाची वाट. भाईजान दर वळणाला एकेक आठवण सांगत होते. रात्री खाडीकाठच्या एका गावात थांबलो. दहाला दिवा मालवला. तीनच्या सुमाराला इन्व्हर्टर दोनदा टिवटिवला आणि यंत्र बंद पडले. मला जाग आली तेव्हा भाईजान व्हॅनच्या दारात पाय सोडून बसले होते. "झोप तू," म्हणाले, "मला सवय आहे जागायची." उजाडेपर्यंत ते तसेच बसून होते. सकाळी पुतण्याने चावी फिरवली तर गाडी नुसती कण्हली. गावातल्या चार पोरांनी धक्का मारला तेव्हा कुठे सुरू झाली. जन्मभर एस.टी. चालवलेल्या माणसाला आपल्याच मुलाच्या गाडीला धक्का मारताना बघावे लागले. ते हसले, पण परतीच्या वाटेवर फार बोलले नाहीत. भाभींनी मात्र मला सुनावले, "भाऊजी, पुन्हा यांना घेऊन जायचं तर आधी नीट हिशेब करा."

तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. वॅट आणि वॅट-अवर. पाण्याचे उदाहरण घ्या. तोटीतून किती जोरात धार पडते, ते वॅट. घागरीत एकूण किती पाणी मावते, ते वॅट-अवर. दहा वॅटचा दिवा दहा तास लावला की शंभर वॅट-अवर खर्च झाले. आपल्या वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे असे १००० वॅट-अवर. एवढे कळले की अर्धे काम झाले.

आता आमची चूक बघा. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, साधारण ५० अँपिअर-अवरची. दोन्हींचा गुणाकार केला की ६०० वॅट-अवर होतात. कागदावर पुष्कळ वाटतात. पण ही बॅटरी घडवलेली असते ती इंजिन सुरू करण्याच्या एका झटक्यासाठी. तिच्यात शिशाच्या पातळ पट्ट्या असतात. क्षणभर भरपूर प्रवाह द्यायचा आणि लगेच इंजिनाकडून भरून घ्यायचे, हा तिचा स्वभाव. धावपटूला नांगराला जुंपावे तसे आम्ही तिला रात्रभर राबवले. अशा बॅटरीतले अर्ध्याहून अधिक काढले की ती मार खाते, आणि वारंवार तसे केले तर लवकरच निकामी होते. शिवाय आम्ही यंत्राचा हवा ओलसर करणारा भाग चालू ठेवला होता. त्यात पाणी तापवले जाते आणि खरी वीज तोच खातो. तोट्यासकट ऐंशी वॅट धरले तरी पाच तासांत ४०० वॅट-अवर गेले. तीन वाजता यंत्र बंद पडले यात यंत्राचा काही दोष नव्हता.

मग दुसरे पर्याय कोणते? घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पट्ट्यांनी जाड आणि दमदार असते. पण दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते, आत आम्ल असते, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. बंद गाडीत झोपणाऱ्याच्या उशाशी ती नको.

पेट्रोलवरचा लहान जनरेटर जत्रेत, लग्नात आपण पाहतो. ताकद भरपूर, पण आवाजाने गावाची झोप उडवतो. आवाजापेक्षा मोठा धोका त्याच्या धुराचा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. म्हणून हे लक्षात ठेवा : जनरेटर गाडीच्या आत, गाडीखाली किंवा उघड्या खिडकीजवळ कधीही चालवायचा नाही. इंजिन सुरू ठेवून, काचा लावून झोपण्यातही हाच धोका आहे.

तिसरा पर्याय अलीकडे रुळला आहे. त्याला पॉवर स्टेशन म्हणतात. नाव भारदस्त असले तरी ती कडी असलेली एक पेटी. आत लिथियमची बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकत्र बसवलेले. बाहेर घरच्यासारखे प्लग, बारा व्होल्टचे छिद्र, मोबाइलची तोंडे आणि किती टक्के उरले ते सांगणारा लहान पडदा. हिचा आणखी एक फायदा असा की गाडीत काही कापाकापी करावी लागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाहीत. पेटी मात्र प्रवासाला ठेवली, घरी आल्यावर उचलली.

या पेटीतल्या लिथियमच्याही जाती आहेत. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये. पुढे १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी, त्यात अक्षय पाधी हे भारतीय नावही आहे, यांनी लोह आणि फॉस्फेट वापरणारा नवा पदार्थ जगापुढे ठेवला. गुडइनफ तेव्हा पंचाहत्तरीत होते, आणि २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला ही हकिकत फार धीर देते. तर या लोह-फॉस्फेट बॅटरीला एलएफपी म्हणतात. ती थोडी जड असते, पण सहजासहजी भडकत नाही आणि दोन-तीन हजार वेळा भरता-रिकामी करता येते. दुसऱ्या जाती हलक्या असतात, पण आयुष्याने कमी आणि तापल्यावर अधिक धोक्याच्या. माणसे झोपतात त्या गाडीत मी एलएफपीच घेईन.

आता पेटी केवढी घ्यायची? दुकानदाराला विचारण्याआधी कागद घ्या. आमचा कागद असा होता. यंत्र, पाणी तापवणारा भाग बंद ठेवून, ३५ वॅट. आठ तासांचे २८०. बारा व्होल्टचा लहान पंखा १५ वॅट. आठ तासांचे १२०. पाच वॅटचा दिवा चार तास, म्हणजे २०. तीन मोबाइल, प्रत्येकी साधारण २०, म्हणजे ६०. बेरीज ४८०. पण पेटीवर लिहिलेले सगळे हाती येत नाही. विजेचे रूप बदलताना पंधरा टक्क्यांपर्यंत गळती धरावी. म्हणजे एका रात्रीला जवळजवळ ५६५ वॅट-अवर. दोन रात्रींसाठी हजाराच्या वर. आम्ही १०२४ वॅट-अवरची पेटी घेतली. उरलेली तूट वाटेत भरून काढायची ठरवली. गंमत बघा, घरी हीच वीज एका युनिटाची, काही रुपयांची. घराबाहेर बरोबर न्यायची म्हटली की तिची किंमत हजारोंत जाते. पाण्याची किंमतही वाळवंटातच कळते म्हणा.

पाणी तापवणारा भाग आम्ही डॉक्टरांना विचारूनच बंद केला. औषधोपचाराच्या यंत्रात आपल्या मनाने काही बदलू नये. त्याच वेळी आणखी एक उपाय कळला. बहुतेक अशा यंत्रांना बारा व्होल्टवर चालणारा वेगळा अ‍ॅडॉप्टर मिळतो. तो लावला की बॅटरीची वीज आधी घरच्यासारखी करायची आणि यंत्रात पुन्हा उलटी फिरवायची, हा द्राविडी प्राणायाम वाचतो. इन्व्हर्टरमधूनच चालवायचे असेल तर पेटीवर 'प्युअर साइन वेव्ह' लिहिलेले पाहा. स्वस्त इन्व्हर्टरची खडबडीत वीज नाजूक यंत्रांना मानवत नाही.

चहाची किटली मात्र विसरा. ती १५०० वॅट खाते. दहा मिनिटे लावली की २५० वॅट-अवर गेले. म्हणजे एकेका घोटाचा चहा आणि भाईजानांची जवळजवळ सगळी रात्र, दोघांची किंमत सारखी. आम्ही चहा टपरीवर प्यायलो, आणि तो अधिक चांगला होता.

पेटी भरण्याच्या वाटा तीन. घरून निघताना पूर्ण भरून घ्यावी. गाडी चालू असताना बारा व्होल्टच्या छिद्रातून साधारण १०० वॅट मिळतात, म्हणजे तीन तासांच्या प्रवासात ३००. तिसरी वाट सूर्याची. शंभर वॅटचे सौर पान उघड्या आभाळाखाली, उन्हाकडे नीट तोंड करून ठेवले तर आपल्याकडे चांगल्या दिवशी तीन-साडेतीनशे वॅट-अवर देते. पण पान झाडाच्या सावलीत टाकले तर काही हाती लागत नाही, आणि आषाढात गगनबावड्याला त्याच्यावर विसंबणे म्हणजे पावसाकडे ऊन मागणे.

विकत घेताना फसवा आकडा ओळखा. काही पेट्यांवर 'एक लाख एमएएच' असे ठळक छापलेले असते. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. एक लाख एमएएच म्हणजे शंभर अँपिअर-अवर, त्याला ३.७ ने गुणा. झाले ३७० वॅट-अवर. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६०४६ हे चिन्ह पाहा, हमी किती वर्षांची आणि दुरुस्ती कुठे होते ते विचारा. पेटी बंद गाडीत उन्हात तापू देऊ नका, गाडीच्या तळाशी पट्ट्याने बांधा, आणि विमानात न्यायचा विचार करू नका. १६० वॅट-अवरच्या वरची बॅटरी विमानात प्रवाशाला नेता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रंगीत तालीम. आम्ही आधी घरातच एक रात्र यंत्र पेटीवर चालवले. भाभी मध्यरात्री दोनदा उठून पडद्यावरचा आकडा बघून आल्या. सकाळी भाईजान ताजेतवाने उठले तेव्हाच प्रवासाची तारीख ठरली. आणि तरीही खाडीकाठच्या गावातल्या एका घरी आधीच सांगून ठेवले होते, की वेळ आलीच तर तुमच्या पडवीतला एक प्लग लागेल. ज्या विजेवर कुणाचा श्वास अवलंबून आहे, तिला दुसरी वाट हवीच.

पुन्हा त्याच गावात, त्याच जागी व्हॅन लावली. रात्री मी दोनदा जागा झालो. यंत्राचा बारीक सूं आवाज चालू होता आणि त्याहून बारीक भाईजानांचा श्वास. पहाटे पाहिले तर पडद्यावर ४८ हा आकडा होता. अर्धी शिदोरी अजून शिल्लक होती. चावी फिरवताच गाडी सुरू झाली.

भाईजान मात्र आत नव्हते. खाडीच्या बांधावर उभे होते. उजाडत होते. "इथं कितीतरी वेळा मुक्काम केला," ते म्हणाले, "पण पलीकडच्या काठाला एवढी माडांची राई आहे, हे आजच दिसलं."