सॅन लुईस: डोंगराच्या फाटकाची चावी

अमेरिकेत कोलोराडोच्या दक्षिण टोकाला कोस्तिया काउंटी आहे. तिचं मुख्य गाव सॅन लुईस. वस्ती जेमतेम सहाशे, उंची आठ हजार फुटांच्या घरात, आणि मान राज्यातल्या सर्वांत जुन्या गावाचा. १८५१मध्ये दक्षिणेच्या ताओस गावाकडची स्पॅनिश बोलणारी कुटुंबं इथं आली, तेव्हा कोलोराडो नावाचं राज्यच नव्हतं. हा मुलूखही १८४८च्या तहापर्यंत मेक्सिकोचा.

गाव समजून घ्यायचं तर आधी शिवार पाहावं. ओढ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेल्या लांबच लांब पट्ट्या. रुंदी 'वारा'त मोजलेली. एक वारा म्हणजे पावणेतीन फूट. वाटण्या उभ्याच व्हायच्या, म्हणजे प्रत्येक भावाला पाणी मिळे आणि माळही. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, तशा काही पट्ट्या फितीएवढ्या उरल्या. गावचा पाट १८५२चा, राज्यातला पहिल्या क्रमांकाचा पाणीहक्क त्याचाच. अशा पाटाला इथं 'असेकिया' म्हणतात आणि पाळ्या लावणाऱ्याला 'मायोर्दोमो'. गावालगत सहाशेहून अधिक एकरांचं गायरान अजून शाबूत आहे. ते कसं टिकलं, याचं आपल्याकडच्या ग्रामपंचायतींनी नवल करावं.

घराण्यांची गोष्ट मात्र शिवाराइतकी सरळ नाही. 'आम्ही स्पेनचे' असं सांगणाऱ्या घरांत नवाहो, यूट अशा जमातींची पकडून आणलेली माणसंही राबत होती, त्यांत लहान मुलं पुष्कळ. बाप्तिस्मा झाला की मूल त्या घराचं आडनाव लावी. १८६५मध्ये सरकारी अधिकाऱ्यानं या काउंटीतल्या आणि शेजारच्या कोनेहोसमधल्या अशा बंदींची मालकांच्या नावांसह यादीच केली. आज याच काउंटीतल्या फोर्ट गारलँडचं संग्रहालय हा इतिहास उघड मांडतं. दुसरा धागा वैद्यकातून निघाला. स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा एक जनुकीय बदल, जो एरवी प्रामुख्यानं पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये आढळतो, तो या खोऱ्यातल्या कॅथलिक कुटुंबांत सापडला. स्पेनमध्ये सक्तीनं ख्रिस्ती झालेले ज्यू यांच्या पूर्वजांत असावेत, असा अंदाज आहे.

पण सॅन लुईसमध्ये जुन्या कागदांवरून खरी जुंपली ती डोंगरासाठी. सुमारे दहा लाख एकरांचं इनाम हाती आलेल्या कार्लोस बोबियँ या व्यापाऱ्यानं वसाहतवाल्यांना १८६३मध्ये कुरण, पाणी, सरपण आणि लाकूड यांचा हक्क लिहून दिला होता. १९६०मध्ये जॅक टेलर या लाकूडव्यापाऱ्यानं ७७ हजार एकरांवर डोंगर विकत घेतला आणि वाट बंद केली. गावकरी १९८१मध्ये कोर्टात गेले. निकाल लागायला २००२ उजाडलं: चराई, सरपण आणि लाकूड यांचा हक्क कायम, शिकार आणि मासेमारी नाही. हक्कदारांना फाटकाच्या चाव्या मिळाल्या. मात्र कोर्टानं रक्ताचं नातं पाहिलं नाही, जमिनीच्या कागदांची साखळी पाहिली. त्यामुळे ज्याच्या पणजोबानं पाट खणला पण बापानं पट्टी विकली, त्याला चावी नाही. ती पट्टी घेणाऱ्या परक्याला आहे.