सूर्याचे चुंबकत्व आणि हवेचा पडदा

आमच्या हैदराबादेतील निजामिया वेधशाळेचे संचालकपद प्रा. के. डी. अभ्यंकर यांनी भूषविले होते, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच वेधशाळेत काम करणाऱ्या बाप्पूंचे चिरंजीव वेणू बाप्पू निजाम कॉलेजात शिकले आणि १९६० साली कोडाईकनालच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. तेथे त्यांच्या कारकीर्दीत सूर्याचे चुंबकत्व मोजण्याचे काम सुरू झाले.

पण चुंबकत्व डोळ्यांस दिसत नाही. मग १५ कोटी किलोमीटरांवरून ते मोजावयाचे कसे? सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात बारीक काळ्या रेषा असतात. तेथील वायू प्रबळ चुंबकत्वात सापडला की एका रेषेच्या दोन-तीन होतात. झेमान यांनी १८९६ साली हा परिणाम प्रयोगशाळेत पाहिला. १९०८ साली हेल यांना तो सूर्यावरील डागांत आढळला. रेषा जितक्या दूर सरकतील तितके चुंबकत्व अधिक. मोठ्या डागात ते पृथ्वीच्या हजारो पट भरते.

खरी अडचण हवेची. भर दुपारी तापलेल्या रस्त्यापलीकडची माणसे थरथरताना दिसतात, तसाच सूर्य दुर्बिणीत थरथरतो. ताऱ्यांचे वेध घेणाऱ्यास निदान रात्रीचा गारवा तरी लाभतो! शिवाय सूर्यावर उत्तर व दक्षिण ध्रुव अगदी शेजारी-शेजारी असतात. चित्र धूसर झाले की ते एकमेकांत मिसळून परस्परांस पुसून टाकतात आणि चुंबकत्व नाहीच असे भासते.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. ह्याच चुंबकत्वाचा पीळ सुटला म्हणजे सूर्यावर स्फोट होतात. १३ मार्च १९८९ रोजी अशाच सौरवादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास बंद पडली होती. पीळ कोठे वाढत आहे हे आधी कळावयाचे तर बारीक तपशील दिसलाच पाहिजे.

म्हणून अरविंद भटनागर यांनी उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर उभारली. पाणी जमिनीसारखे चटकन तापत नाही, त्यामुळे वरची हवा शांत राहते. २०१५ पासून तेथे ५० सेंटिमीटरची दुर्बीण आहे. हवाई बेटांतील हालेआकाला पर्वतावर तर ४ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. तिच्यातील एक लहान आरसा हवेच्या थरथरीनुसार सेकंदात सुमारे दोन हजार वेळा आपला आकार बदलतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या चित्रांत सूर्यावरील सुमारे ३० किलोमीटरांचा तपशील दिसला. आपल्याकडे लडाखात, पँगाँग सरोवराकाठी मेरक येथे २ मीटरची दुर्बीण उभारण्याची योजना आहे.