यंत्र मुकें कां होतें?

पुष्कळ घरांच्या माळ्यावर जुना स्पूल-टेपरेकॉर्डर नाहीं तर रेकॉर्डप्लेअर धूळ खात पडलेला असतो. आमच्या घरींहि असा एक टेपरेकॉर्डर होता. जात्यावर बसून आजींनीं म्हटलेल्या ओव्या १९६८ सालीं काकांनीं त्यावर ध्वनिमुद्रित करून ठेविल्या होत्या. आजींच्या आवाजाची दुसरी आठवण घरांत नाहीं. यंदां त्यांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशीं यंत्र खालीं काढून ॲम्प्लिफायरला जोडलें. दिवा लागला, स्पूल फिरूं लागले. आवाज मात्र उमटेना. "आतां भंगारांत द्या," असा निकाल मंडळींनीं देऊन टाकिला.

दोष मात्र यंत्रांत नव्हता, दोहोंना जोडणाऱ्या पांच पिनांच्या गोल डिन-प्लगांत होता. हवा व दमटपणा यांमुळें तांब्यापितळेवर पातळ पटल चढतें; चांदीचा मुलामा हवेंतील गंधकानें काळवंडतो. समुद्रकांठच्या खारट हवेंत हें लवकर घडतें. घरांतील विजेचा २३० व्होल्टांचा दाब असलें पटल सहज भेदतो, म्हणून दिवा लागतो. ध्वनीचा विद्युत्संकेत मात्र फार क्षीण! टेपरेकॉर्डरमधून बाहेर येणारा दाब बहुधा एका व्होल्टाहूनहि कमी, आणि रेकॉर्डप्लेअरच्या चुंबकीय पिकअपचा तर अवघे कांहीं सहस्रांश व्होल्ट. त्याला तें पटल भिंतीसारखें आडवें येतें.

उपाय सोपा आहे. प्रथम विजेचा प्लग भिंतींतून काढावा. पेटी उघडूं नये. व्हॉल्व्हच्या यंत्रांतील कपॅसिटरमध्यें वीज बंद केल्यावरहि प्राणघातक दाब उरलेला असूं शकतो. मग वायर न ओढतां, प्लगचें डोकें धरून तो दहाबारा वेळां आंतबाहेर करावा. घर्षणानेंच बराच मळ निघतो. नंतर काडीस गुंडाळलेला कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलांत किंचित् भिजवून पिना पुसाव्या व पूर्ण वाळूं द्याव्या. हा द्रव ज्वालाग्राही असल्यानें समईनिरांजनापासून दूर ठेवावा. काळिमा उरल्यास विद्युत्-जोडण्यांसाठीं मिळणारा खास द्रव वापरावा. पॉलिशकागद कदापि नको. मुलामा खरवडला जातो. खोबरेल तेलहि नको. त्यावर धूळ बसते.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. वर्षानुवर्षें बंद असलेलें यंत्र जाणकारास दाखविल्यावांचून सुरू करूं नये. आम्हीं केलें, तें धाडसच होय.

आमच्या पुतणीनें अर्ध्या तासांत प्लग स्वच्छ केला, आणि आजींचा आवाज माजघरांत ऐकूं आला. काका कांहीं न बोलतां उठून आंत गेले. त्याच सायंकाळीं ओव्यांची प्रत संगणकावर घेतली. भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वी एकदां जोडणी पाहावी, एवढीच वाचकांस विनंती.